धर्मपीठ आणि गावची विहीर

मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर बाळापूरचा किल्ला उभा आहे. पावसाळ्यात नद्यांस पूर आला म्हणजे किल्ला जवळजवळ पाण्याने वेढला जातो, आणि परगावच्या माणसास वाटते की या तालुक्यात पाण्याची ददात कसली असणार! परंतु किल्ल्यावरून उतरून पूर्णेकडच्या खेड्यांत जावे, कोणत्याही घरी तांब्याभर पाणी मागावे आणि पहिला घोट घ्यावा, म्हणजे खारपाणपट्टा या शब्दाचा अर्थ जिभेस कळतो. अकोला, अमरावती व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णा नदीचे जे खोरे जाते, त्याच्या काळ्याभोर गाळाखालचे पाणीच मुळात खारे आहे. विहीर खोल नेली तर ते अधिकच खारे लागते. या पाण्याने डाळ शिजत नाही, साबणास फेस येत नाही, आणि मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार तर गावोगाव ऐकू येते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. येथील दुर्दैव असे की आडात आहे, पोहऱ्यातही येते, पण ते घशाखाली उतरत नाही.

या पाण्यासाठी एप्रिल २०२३ मध्ये काय घडले ते वाचकांच्या स्मरणात असेलच. तेल्हारा तालुक्याच्या बाजूस असलेल्या वान प्रकल्पातून बाळापूर मतदारसंघातील ६९ गावांस गोडे पाणी देण्याची योजना मंजूर झाली होती. राज्यात सत्तांतर झाल्यानंतर तिला स्थगिती मिळाली. तेव्हा येथील आमदार श्री. नितीन देशमुख खारे पाणी बरोबर घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पायी निघाले, आणि नागपूरच्या वेशीवर पोलिसांनी त्यांना अडविले. दुसऱ्या बाजूने तेल्हाऱ्याचे शेतकरी म्हणत होते की वानचे पाणी सिंचनासाठी अडविलेले आहे; ते पिण्याच्या नावाखाली वळविले तर आमची शेते काय पितील? दोन्ही बाजूंस न्याय होता, आणि म्हणूनच हा प्रश्न घोषणांनी सुटण्याजोगा नव्हता. आज ही योजना कागदावरील कोणत्याही टप्प्यावर असो, कोणाच्या वाट्याचे पाणी कोणी व कोणत्या अधिकाराने द्यावे, हा मूळ वाद मिटला असे मानण्यास आधार नाही.

त्या सबंध गदारोळात आम्हांस एक गोष्ट जाणवली, ती आजच्या लेखाचे निमित्त आहे. पक्षांचे आवाज मोठे होते, प्रशासनाचा खुलासा होता, शेतकऱ्यांचे निवेदन होते. परंतु ज्या संस्थांचा शब्द या परिसरात आजही शासनाच्या परिपत्रकाहून वजनदार मानला जातो, त्या आमच्या धर्मसंस्थांचा आवाज आमच्या कानी तरी आला नाही. बाळापुरात ज्या देवीवरून गावाचे नाव पडले असे मानतात त्या बाळादेवीचे देऊळ आहे, नक्शबंदी परंपरेची जुनी खानकाह आहे, गावोगाव विहार आहेत, आणि हाकेच्या अंतरावर शेगाव आहे. पाणी हा विषय धर्माचा नाही, तो जिल्हा परिषदेचा आहे, अशी आपली सर्वांची समजूत होऊन बसली आहे काय?

हा प्रश्न विचारताना आमच्या दृष्टीसमोर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण आहे. वसईचा पश्चिमपट्टा हा समुद्राकाठचा असूनही गोड्या पाण्याचा मुलूख. केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला यांच्या वाड्या तेथे विहिरींवर शतकानुशतके पोसल्या गेल्या. सुकेळी तर वसईचीच. या वाड्या कसणारा समाज बव्हंशी कॅथलिक. पोर्तुगीज अमदानीत, म्हणजे १५३४ नंतर, त्याने धर्म बदलला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तरी धर्म तसाच राहिला, आणि भाषा तर पूर्वीही मराठीच होती व आजही आहे. मुंबई वाढू लागली, लोहमार्गाच्या दोन्ही अंगांस इमारती उभ्या राहू लागल्या, आणि त्या इमारतींना नळ नसल्यामुळे पश्चिमेकडील गावांच्या विहिरींतून टँकर भरून जाऊ लागले. समुद्रकाठच्या जमिनीत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. गोडे पाणी मर्यादेबाहेर उपसले की खारे वर चढते. बाळापूरला निसर्गाने जे दिले ते वसईस माणसाने आणले, एवढाच फरक.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समिती स्थापन झाली आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे तिचे अग्रणी झाले. नंदाखाल गावचा हा धर्मगुरू १९८३ पासून २००७ पर्यंत ‘सुवार्ता’ या मराठी मासिकाचा संपादक होता. शेतजमिनी बिगरशेती करण्याचे धोरण, टँकरांचा अनिर्बंध उपसा, आणि त्यांच्या पाठीशी उभी असलेली दंडेली या तिन्हींविरुद्ध समितीने सभा घेतल्या, मोर्चे काढले. त्या काळी वसई-विरारमध्ये बांधकाम व्यावसायिकांविरुद्ध बोलणे हे धाडसाचे काम होते. फादरांना धमक्या आल्या. १९९० मध्ये शासनाने या भागाचे नियोजन सिडकोकडे सोपविले, म्हणजे गावच्या जमिनीचे भवितव्य गावाबाहेरच्या कचेरीत ठरू लागले, आणि लढ्याचा रोख नकाशांकडे वळला.

येथे दोन गोष्टींकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पहिली ही की समिती चर्चची शाखा नव्हती. तिच्यात हिंदू शेतकरी होते. तिची मागणी ख्रिस्ती विहिरींसाठी नव्हती, कारण भूगर्भातील पाण्यास बाप्तिस्मा नसतो. दुसरी ही की चर्चची रचना अशा कामास विलक्षण उपयोगी पडते. दर रविवारी सारा गाव एकत्र येतो, एकच गोष्ट एकाच वेळी सर्वांच्या कानी जाते, धर्मग्राम नावाचा एक बांधलेला घटक असतो, आणि त्याचा पुजारी गावच्या भाऊबंदकीतला नसल्यामुळे कोणाचा मिंधा नसतो. आमच्या राजकीय पक्षांनी हेवा करावा अशी ही यंत्रणा आहे. तिचा उपयोग विहिरीसाठी झाला, मतपेटीसाठी नव्हे, यात वसईचे श्रेय आहे.

आता यावर आक्षेप येणार हे आम्ही जाणतो. धर्मगुरूने राजकारणात पडावे काय? आज पाद्री पाण्यावर बोलतील, उद्या महंत वीजदरावर बोलतील, परवा मौलवी पीकविम्यावर बोलतील. मग लोकनियुक्त सभागृहे कशाला हवीत? आक्षेप पोकळ नाही. परंतु कायद्याने रेषा कोठे ओढली आहे ते पाहावे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाने धर्माच्या नावे मत मागणे हा निवडणुकीतील भ्रष्टाचार ठरविला आहे. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने, चार विरुद्ध तीन अशा मताधिक्याने, ही बंदी मतदाराच्या धर्माच्या आवाहनासही लागू केली. तो खटला मुंबईतील एका निवडणुकीतूनच उद्भवला होता. म्हणजे धर्माच्या नावे मत मागणे निषिद्ध. धर्माने सांगितले म्हणून पाणी मागणे निषिद्ध नाही. कॅथलिक चर्चचा स्वतःचा कायदाही याहून सैल नाही. १९८३ च्या त्यांच्या धर्मसंहितेनुसार शासकीय सत्तेची पदे धर्मगुरूंना वर्ज्य आहेत, आणि राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेण्यासही मनाई आहे. अपवाद केला तर तो वरिष्ठ धर्माधिकाऱ्याच्या निर्णयाने, चर्चच्या हक्कांसाठी वा सार्वजनिक हितासाठी. वसईच्या पाद्र्यास निवडणूक लढवायची असती तर झगा उतरवावा लागला असता. आमच्याकडे मात्र भगवी, हिरवी, पांढरी अशी सर्व वस्त्रे विधिमंडळाच्या पायऱ्या सहज चढतात.

चर्चचे हे सामाजिक वळण फार जुने आहे असेही नाही. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर परिपत्र काढले, तेथून आधुनिक आरंभ धरतात. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जगाच्या सुखदुःखात सहभागी होणे हे चर्चचे काम मानले आणि उपासना लोकभाषेत आणली. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी आपल्या पर्यावरणविषयक परिपत्रात शुद्ध पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे बजावले. तोवर वसईच्या लढ्यास पंचवीस वर्षे होऊन गेली होती. रोमहून आज्ञा येण्याची वाट नंदाखालने पाहिली नाही.

तथापि वसईची आरती ओवाळण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत नाही. तेथील अपयशही मोठे आहे. ज्या जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या त्या कोणी लुटून नेल्या नव्हत्या. विक्रीच्या कागदांवर जमीनमालकांच्याच सह्या होत्या, आणि त्यांत रविवारी प्रार्थनेस येणारे शेतकरीही होते. प्रवचनाने मोर्चा भरतो, पण सोमवारी बयाण्याची रक्कम पुढे आली की प्रवचन आठवतेच असे नाही. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावे एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली. गावांनी विरोध केला. त्याच लाटेवर त्या वर्षी श्री. विवेक पंडित विधानसभेवर निवडून गेले, आणि २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला; परंतु प्रकरण न्यायालयात गेले व दशकाहून अधिक काळ लोंबकळत राहिले. २०११ च्या जनगणनेत या महानगराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. एवढ्या माणसांस पाणी कोठून द्यायचे? येथे या कथेतील सर्वांत अवघड भाग येतो, आणि बाळापूर-तेल्हारा वादाशी त्याचे साम्य पाहून मन चरकते.

वसई-विरारचे पाणी आले ते सूर्या नदीवरील धरणाचे. हे धरण डहाणू-पालघर भागातील आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी म्हणून बांधले गेले. नव्या योजनेनुसार त्यातून दररोज ४० कोटी ३० लक्ष लिटर पाणी शहरांस द्यावयाचे, त्यांपैकी १८ कोटी ५० लक्ष लिटर वसई-विरारला व उरलेले मीरा-भाईंदरला. कालव्याच्या शेवटच्या टोकाचा आदिवासी विचारीत राहिला की आमच्या पाण्याचे काय? वसईच्या विहिरी वाचवायच्या तर टँकर थांबले पाहिजेत. टँकर थांबवायचे तर नळ आला पाहिजे. नळ येतो तो दुसऱ्याच्या शेताच्या वाट्यातून. एका गावाचा न्याय हा दुसऱ्या गावाचा अन्याय कसा होतो, हे याहून स्वच्छ दाखविणारे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. आणि गंमत, की दैवदुर्विलास म्हणावा, अशी की त्या डहाणू-जव्हारकडे आदिवासींच्या बाजूने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जी कष्टकरी संघटना लढत होती, तिच्या संस्थापकांतील प्रदीप प्रभू हेही मूळचे येशूसंघातील धर्मगुरूच होते. एकाच धर्मपरंपरेतून आलेली माणसे एकाच पाण्याच्या दोन टोकांस उभी होती. यात आम्हांस विसंगती दिसत नाही. धर्माने माणसास दुबळ्याच्या बाजूस उभे राहावयास सांगितले, तर दुबळा जेथे जेथे असेल तेथे तेथे तो उभा राहणार. परंतु धर्मवचनाच्या बळावर पाण्याची वाटणी करता येत नाही, एवढे यावरून सिद्ध होते. वाटणी हा हिशोबाचा, मापाचा आणि कराराचाच विषय राहतो.

याच चर्चची दुसरी बाजू पाहावयाची तर गोव्याकडे वळावे. तेथे २००६ च्या अखेरीस प्रादेशिक आराखड्याविरुद्ध लोक उठले, त्यांत चर्चची सामाजिक न्याय व शांतता परिषदही सामील होती; २००७ च्या आरंभी आराखडा मागे घ्यावा लागला. ती मागणी साऱ्या गोव्याच्या डोंगरांची व शेतांची होती. परंतु २०११ मध्ये प्राथमिक शाळांच्या माध्यमाचा प्रश्न उभा राहिला. १९९० पासून शासकीय अनुदान मराठी वा कोकणी माध्यमाच्या शाळांनाच मिळे, श्री. दिगंबर कामत यांच्या सरकारने ते इंग्रजी माध्यमासही खुले केले, आणि या बदलाचा मोठा लाभ धर्मप्रांताच्या शाळांना झाला. पालकांची निवड हा त्यांचा युक्तिवाद होता, आणि तो अगदीच टाकाऊ होता असे आम्ही म्हणत नाही. पण पहिलीतले मूल कोणत्या भाषेत शिकावे या प्रश्नावर बोलताना बोलणारा स्वतःच शाळांचा मालक असला, तर त्याच्या बोलण्यास हितसंबंधाचा वास येणारच. मराठी व कोकणी हे एरवी एकमेकांस पाण्यात पाहणारे पक्ष त्या वेळी एका मंचावर आले, ही त्या निर्णयाची किमया! विहिरीच्या प्रश्नात चर्च सर्वांचे होते; शाळांच्या प्रश्नात ते स्वतःचे झाले. आमच्या मते तेथे ते चुकले.

हीच कसोटी आम्ही आमच्या धर्मसंस्थांना लावू इच्छितो, आणि ती आम्हांस नवी नाही. वऱ्हाडात खराटा हातात घेऊन गाव झाडणारे गाडगेबाबा होऊन गेले. १९५६ साली ते निवर्तले तेव्हा त्यांच्या मागे धर्मशाळा होत्या, घाट होते, शाळा होत्या. स्वतःचे घर नव्हते. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गावच्या आरोग्याचा व स्वच्छतेचा विचार भक्तीच्या बरोबरीने मांडला. गजानन महाराजांनी अकोलीच्या रानात कोरड्या विहिरीस पाणी आणले ही कथा तर येथील शेंबड्या पोरासही पाठ आहे. तहानलेल्यास पाणी नाकारणाऱ्या भास्कर पाटलाचे मन त्या पाण्याने पालटले, असे कथा सांगते. चमत्कारावर ज्याचा विश्वास नाही त्यानेही एवढे ध्यानात घ्यावे की आपल्या लोकमानसाने संतत्वाची परीक्षा पाण्यावर घेतली. पश्चिमेच्या पाद्र्यांकडून उसने आणावे असे यात काही नाही. आपल्याच कोठारातले आपण विसरलो, ते वसईने आठवून दिले, इतकेच.

अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत १९५५ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला, आणि अकोला जिल्हा त्याच्याच कक्षेत येतो. संख्येने हा समाज येथे अल्प आहे. वसईसारखी गावेच्या गावे त्याच्या मागे नाहीत. म्हणून वसईची नक्कल येथे होणार नाही, व व्हावी असेही नाही. परंतु त्याच्या शाळांत व दवाखान्यांत येणारी माणसे सर्व जातिधर्मांची असतात. त्यांनी खारपाणपट्ट्यातील गावांच्या पाण्याची तपासणी गावनिहाय करून ती उघड्या फळ्यावर लावली, खानकाहने शुक्रवारी व देवळाने सप्ताहात ती वाचून दाखविली, विहाराने पौर्णिमेस तिच्यावर चर्चा ठेवली, तर जिल्हा परिषदेस ती कपाटात ठेवणे जड जाईल. मागणी एकच, आकडे तेच, सांगणारे मात्र चार धर्मांचे: या युक्तीस उत्तर देणे कोणत्याही सरकारास कठीण आहे, कारण नेहमीचे उत्तर, म्हणजे मागणाऱ्यांची जात काढणे, येथे चालत नाही.

फादर दिब्रिटो यांच्याही वाट्यास हे नेहमीचे उत्तर आलेच होते. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून काही मंडळींनी विरोध केला. ज्याने आपल्या आयुष्यातील उमेदीची वर्षे मराठी मासिक चालविण्यात आणि बायबल सुबोध मराठीत आणण्यात घालविली, त्याच्या मराठीपणाचा दाखला मागितला गेला! त्या पदावर बसलेले ते पहिलेच ख्रिस्ती साहित्यिक. प्रकृती साथ देत नसतानाही ते तेथे गेले व बोलले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले, आणि ज्या गावच्या विहिरींसाठी ते झगडले त्याच गावच्या मातीत त्यांना निरोप देण्यात आला.

राहिला वानच्या पाण्याचा प्रश्न. तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याची भीती खरी आहे आणि बाळापूरची तहानही खरी आहे. धरणात दरवर्षी किती पाणी साठते, सिंचनास प्रत्यक्ष किती सुटते, कालव्यांतून किती वाया जाते, आणि ६९ गावांस माणशी पिण्यापुरते द्यावयाचे तर किती लागते, हे चार आकडे दोन्ही तालुक्यांच्या लोकांसमोर एकाच दिवशी, एकाच सभेत ठेवले पाहिजेत. ही सभा पक्षाने बोलाविली तर अर्धेच लोक येतील. तहसीलदाराने बोलाविली तर सह्यांपुरते येतील. आमची सूचना अशी की ती शेगाव, बाळापूर व तेल्हारा येथील धर्मसंस्थांनी मिळून बोलवावी, अध्यक्षपद पाटबंधारे खात्याच्या निवृत्त अभियंत्याकडे द्यावे, आणि व्यासपीठावर कोणत्याही पक्षाचा मनुष्य बसवू नये. दर आषाढीस शेगावची पालखी पारसवरून अकोल्याकडे जाते, तेव्हा तेल्हाऱ्याचा वारकरी आणि बाळापूरचा वारकरी एकाच दिंडीत चालतात, आणि वाटेवरचा गावकरी दोघांसही एकाच घागरीतून पाणी देतो. सभेचा दिवस तोच धरावा असे आम्ही सुचवितो.